थेंब घालूनही डोळे पुन्हा पुन्हा कोरडे पडतात? आधी बिघाड पाण्याचा की तेलाचा ते ओळखा

डोळे चुरचुरतात म्हणून मेडिकलमधून थेंबांची बाटली येते. थेंब घातले की अर्धा तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बाटली संपते, दुसरी येते, कुणीतरी सुचवलं म्हणून तिसरी येते, तक्रार मात्र जागची हलत नाही. पुण्यात हिंजवडी-खराडीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी मंडळी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले ज्येष्ठ, दोघांच्याही तोंडी हे वाक्य असतं: "ड्रॉप्स चालू आहेत, पण फरक नाही."

फरक पडत नाही, कारण बहुतेकांच्या डोळ्यात पाणी कमी नसतंच. आहे ते पाणी टिकत नाही. वरून कितीही पाणी ओतलं तरी ते उडूनच जाणार असेल, तर उडण्याचं कारण बंद करावं लागतं.

अश्रूंचा थर आणि त्यावरचं तेल

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका. त्याच्या तळाशी म्युसिन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो. मध्ये पाणी. सगळ्यात वर तेलाचा तवंग, तो पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापण्यांमधल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांची तोंडं पापणीच्या कडेला, पापणीच्या केसांच्या लगेच मागे ओळीने उघडतात. दर वेळी पापणी पूर्ण मिटली की त्यांच्यातून थोडंसं तेल बाहेर दाबलं जातं.

हे तेल शरीराच्या उबेने पातळ राहायला हवं. ते दाट झालं, तर डिसेंबरच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं तसं ग्रंथीच्या तोंडाशी बसतं आणि तोंड बुजतं. तवंग विरळ होतो, पाणी भराभर उडतं, पृष्ठभाग उघडा पडतो आणि चुरचुर सुरू होते. ग्रंथी वर्षानुवर्षं बुजलेल्या राहिल्या तर त्या आक्रसतात आणि गेलेली ग्रंथी परत येत नाही. म्हणून हे दुखणं "चालतंय तेवढं चालू दे" म्हणून सोडण्यासारखं नाही.

इथेच अनेकांची फसगत होते: "माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतं, मग कोरडे कसे?" पृष्ठभाग कोरडा पडून टोचला की मेंदू अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो आणि एकदम पाणी वाहू लागतं. त्या पाण्यात तेल-म्युसिनचं प्रमाण बरोबर नसतं, त्यामुळे ते गालावर ओघळतं, डोळ्यावर ठरत नाही. गाडीवर किंवा वाऱ्यात डोळ्यांतून धारा लागणं हे कोरडेपणाचंच लक्षण असू शकतं.

त्रास कधी होतो, यावरून दोष शोधा

तीन-चार दिवस फक्त वेळ पाहा. सकाळी उठल्या उठल्या डोळे चिकटलेले, पापण्या जड आणि दिवस चढेल तसं बरं वाटत असेल, तर पापणीच्या कडेची सूज किंवा झोपेत डोळे अर्धवट उघडे राहणं, यांपैकी काहीतरी आहे. घरातल्या कुणाला तरी रात्री मंद उजेडात पाहायला सांगा: पापण्यांच्या फटीतून पांढरी रेघ दिसते का? अशा डोळ्यांवर रात्रभर छतावरच्या पंख्याचा झोत असेल तर सकाळचा त्रास ठरलेलाच.

सकाळी ठीक आणि दुपारी चारनंतर अक्षरं धूसर होत असतील, पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ दिसत असेल, तर पाणी उडून जातंय. तेल कमी पडतंय, पापण्या कमी मिटताहेत, किंवा दोन्ही. सकाळ-संध्याकाळ सारखाच कोरडेपणा, सोबत तोंडालाही कोरड आणि पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नाही अशी अवस्था असेल, तर पाणीच कमी तयार होतंय. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

चुरचुरीपेक्षा खाजच जास्त असेल, डोळे चोळल्याशिवाय राहवत नसेल, तर ॲलर्जीचा विचार आधी करा. आणि खाज पापणीच्या केसांच्या मुळाशीच असेल तर वेगळं कारण असतं, तेही खाली येईल.

आता आरशासमोर, चांगल्या उजेडात, हात धुऊन खालची पापणी किंचित खाली ओढा. कडेवर फेस दिसतो का? कडेच्या ओळीत बारीक पांढरे-पिवळे ठिपके दिसतात का? ती बुजलेली तोंडं. केसांच्या मुळाभोवती नळीसारखा कोंडा चिकटलाय का? मग एकदा पापण्या नीट मिटून उघडा आणि न मिटता मनात सेकंद मोजा. दहाच्या आत झोंबायला लागलं तर अश्रूंचा थर लवकर फाटतोय असं समजायला जागा आहे. ही घरगुती चाचणी ढोबळच आहे, पण उपायांनी फरक पडतोय का हे पाहायला उपयोगी पडते.

आधी हवा आणि स्क्रीन

यात पैसा लागत नाही, म्हणून लोक हे सोडून देतात. पंख्याचा झोत चेहऱ्यावर येणार नाही अशा बेताने पलंग फिरवा किंवा उशी पायथ्याकडे घ्या. गाडीतल्या एसीच्या जाळ्या पायांकडे वळवा. ऑफिसमध्ये डोक्यावर एसीची जाळी असेल तर जागा बदलून मागा; निम्म्या लोकांचा त्रास एवढ्यानेच हलका होतो असं म्हणणार नाही, पण जाळीखाली बसून बाकीचे उपाय लागू पडणं अवघड आहे. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते, त्यात एसीची भर पडते. पावसाळ्यात त्रास आपोआप कमी होणाऱ्यांनी हा धागा लक्षात घ्यावा.

दुचाकीवर हेल्मेटची काच पूर्ण खाली हवी, आणि काच वर ठेवायची असेल तर बाजूने बंद असलेला गॉगल. तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्यांसाठी एक बारकावा: स्कार्फ नाकावर सैल असला तर उच्छ्वासाची हवा वरच्या कडेतून थेट डोळ्यांवर जाते. मास्कचंही तसंच. नाकाच्या हाडावर तो घट्ट बसवा, जमल्यास स्कार्फची वरची घडी गॉगलच्या खाली दाबा.

स्क्रीनबद्दल सांगायचं तर, माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीन पाहताना ही संख्या पाच-सातपर्यंत उतरते. त्याहून वाईट म्हणजे त्यातल्या बऱ्याच अर्धवट असतात: वरची पापणी खालच्या पापणीपर्यंत पोचतच नाही, बुब्बुळाचा खालचा भाग उघडा राहतो आणि ग्रंथीतलं तेलही दाबलं जात नाही. म्हणून नुसत्या "जास्त वेळा मिटा" या सल्ल्याचा उपयोग कमी, पूर्ण मिटायला शिकावं लागतं. डोळे हलके मिटा, दोन सेकंद मिटलेले ठेवा, मग दोन सेकंद हलका दाब द्या, उघडा. असं पाच-सहा वेळा, दर २० मिनिटांनी. त्याच वेळी २० सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा.

मान दुखते म्हणून मॉनिटर उंच ठेवणाऱ्यांनी तपासून पाहावं: नजर सरळ किंवा वर गेली की डोळे जास्त उघडतात आणि उघडा भाग वाढतो. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली आणि अंतर साधारण ५० ते ६५ सेंटिमीटर असावं, म्हणजे नजर किंचित खाली राहते.

गरम शेक: इथे बहुतेक जण चुकतात

तेलाच्या ग्रंथींसाठी हा मुख्य उपाय आहे, आणि नेमका हाच अर्धवट केला जातो. रुमाल गरम पाण्यात बुडवून मिनिटभर डोळ्यांवर ठेवला की झालं, अशी समजूत आहे. ओला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो आणि आतलं दाट तेल वितळायला पापणीचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटं टिकावं लागतं.

बरोबर पद्धत अशी. दोन छोटे स्वच्छ नॅपकिन आणि झाकणाच्या थर्मासात गरम पाणी घ्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतकंच हवं, चटका बसता कामा नये. पहिला नॅपकिन पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवा, दीड-दोन मिनिटांनी दुसरा. असं आलटून पालटून आठ ते दहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे आय मास्क मिळतात, ते उष्णता जास्त वेळ धरतात आणि रोजच्यासाठी सोपे पडतात. पाकिटावर दिलेल्या सेकंदांहून जास्त तापवू नका.

शेकताना बुब्बुळावर दाब देऊ नका. उबेने मऊ झालेल्या कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, रोज दाब पडणं बरं नाही, विशेषतः ज्यांना केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) आहे त्यांच्यासाठी. शेक झाल्या झाल्या, तेल पातळ आहे तोवर मसाज. स्वच्छ बोटाने वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या रेषेच्या दिशेने. सात-आठ हलके फेरे पुरेत. उलट दिशेने चोळलं तर तेल आतच राहतं.

नंतर कड स्वच्छ करा. पापणीसाठी मिळणारे वाइप्स सगळ्यात सोयीचे. ते नसतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने मिटलेल्या पापणीची कड पुसा. दोन डोळ्यांना दोन कापूस. केसांच्या मुळाशी नळीसारखा कोंडा असेल तर डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा असण्याची शक्यता मोठी, त्याला साधी सफाई पुरत नाही. त्यासाठी टी ट्री तेलाच्या घटकाचे खास वाइप्स असतात. टी ट्रीचं शुद्ध तेल बाटलीतून थेट पापणीला कधीही लावू नका, डोळा भाजतो.

पहिले चार ते सहा आठवडे दिवसातून दोनदा, मग रोज एकदा. दुसऱ्या आठवड्यात "काही होत नाही" म्हणून सोडून देणारे खूप. ज्यांना वारंवार रांजणवाडी येते त्यांनी तर हा क्रम सोडूच नये, कारण रांजणवाडीच्या मुळाशीही बहुतेकदा बुजलेल्या ग्रंथीच असतात.

थेंब कोणते आणि कसे

मेडिकलमध्ये ब्रँडचं नाव सांगण्याऐवजी बाटलीवरचा घटक वाचा. दिवसा कार्बोक्झिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्के यांसारखे पातळ थेंब चालतात, दृष्टी धूसर होत नाही. कार्बोक्झिमिथाइलसेल्युलोजचेच १ टक्क्याचे दाट थेंब किंवा जेल संध्याकाळी. झोपेत डोळे उघडे राहणाऱ्यांना झोपण्यापूर्वी मलम. तेल कमी असेल तर ज्यात लिपिड, म्हणजे तेलकट घटक, आहे असे थेंब मागा.

खरा मुद्दा प्रिझर्व्हेटिव्हचा आहे. बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. ते जंतू रोखतं, पण वारंवार घातलं तर डोळ्याच्या पृष्ठभागाच्या पेशींना इजा करतं आणि तेलाचा थरही बिघडवतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्हमुक्त थेंबच हवेत. महाग पडतात हे खरं, पण "थेंब घालावेत तेवढं जास्त चुरचुरतं" अशी तक्रार असेल तर आधी हे बदलून पाहा. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं चालू असणाऱ्यांनाही याच कारणाने कोरडेपणा येतो. ते थेंब स्वतःहून बंद करायचे नाहीत. डॉक्टरांना प्रिझर्व्हेटिव्हमुक्त पर्याय विचारा.

एका वेळी एकच थेंब. डोळ्याच्या खाचेत साधारण ३० मायक्रोलिटर मावतं, एक थेंब त्याहून मोठाच असतो. दुसरा थेंब गालावरच जातो. खालची पापणी ओढून खिसा करा, बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नका, थेंब पडल्यावर मिनिटभर डोळा मिटा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स काढून थेंब घाला आणि १५ मिनिटांनी परत लावा. लेन्सवर चालतील असं लेबलवर लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

साधी बाटली उघडल्यावर महिनाभरात टाकायची असते. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा, लक्षात राहत नाही. फिल्टर असलेल्या प्रिझर्व्हेटिव्हमुक्त बाटल्या जास्त चालतात, किती ते लेबलवर असतं. एकदा वापरायच्या छोट्या व्हायल वाचवून दुसऱ्या दिवशी वापरू नका, त्यात जंतू रोखणारं काहीच नसतं. आणि स्कूटरच्या डिकीत बाटली ठेवू नका. एप्रिलमध्ये भर उन्हात लावलेल्या गाडीची डिकी लेबलवरच्या ३० अंशांच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे तापते.

हे थांबवा

लाली घालवणारे थेंब: डोळे दोन तास पांढरेशुभ्र दिसतात, उतार पडला की आधीपेक्षा लाल होतात. स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय घेणं याहून घातक. त्यांनी चटकन आराम पडतो, म्हणून जुन्या चिठ्ठीवर लोक महिनोन्‌महिने आणत राहतात. डोळ्याचा दाब कोणत्याही लक्षणाशिवाय वाढतो, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूही लवकर होतो. घरातल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलंय का, आजच पाहा.

काजळ पापणीच्या आतल्या कडेला, म्हणजे नेमकं ग्रंथींच्या तोंडांवर बसतं. लावायचंच तर केसांच्या बाहेर लावा आणि रात्री काढून झोपा. सुरमा नकोच, त्यात शिसं असू शकतं. गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल: यांतलं काहीही स्वयंपाकघरातून थेट डोळ्यात जायला नको, निर्जंतुक नसतं. नळाच्या पाण्याचे सपके उघड्या डोळ्यांवर मारण्याची जुनी सवयही मोडा. त्याने आहे तो तेलाचा तवंग धुतला जातो. मिटलेल्या डोळ्यांवरून हात फिरवणं पुरेसं आहे.

जवसाची चटणी खुशाल खा, पण तिच्यावर विसंबून शेक सोडू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ड्रीम अभ्यासात वर्षभर रोज ३ ग्रॅम माशांचं ओमेगा-३ देऊनही ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस परिणाम दिसला नव्हता.

औषधं आणि आजार

चालू असलेल्या गोळ्यांची यादी काढा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, या सगळ्यांनी डोळे कोरडे पडू शकतात. गोळी मनाने बंद करू नका, यादी डॉक्टरांपुढे ठेवा. रजोनिवृत्ती, मधुमेह, थायरॉइड यांचाही संबंध आहे.

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसिक ऑपरेशननंतर कॉर्नियाच्या नसा कापल्या गेल्याने काही महिने कोरडेपणा राहतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनबाबत एक गोष्ट कुटुंबीयांना क्वचितच माहीत असते: ऑपरेशनआधी डोळा कोरडा असेल तर कॉर्नियाची मोजणी चुकू शकते आणि लेन्सचा नंबर चुकीचा निघतो. त्यामुळे कोरडेपणा आधी आवरून मग मोजणी करणं शहाणपणाचं.

डोळ्यांबरोबर तोंड कोरडं, दात भराभर किडणं, सांधे दुखणं, असं एकत्र असेल, विशेषतः चाळिशीपुढच्या बाईला, तर शोग्रेन आजाराची तपासणी हवी. यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञ, दोन्ही लागतात.

डॉक्टरकडे कधी, आणि जाताना काय न्यावं

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, पापणी मिटूनही नजर स्वच्छ होत नसेल, बुब्बुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला तर लेन्स काढा आणि थांबू नका. एकाच डोळ्यात त्रास असेल, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून डोळा मिटत नसेल, तर तो नेहमीचा कोरडेपणा समजू नका.

एरवी दोन महिने वरचं सगळं नीट करूनही फरक नसेल तर नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्या. खर्चाची अडचण असेल तर ससूनच्या नेत्र ओपीडीत किंवा महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात दाखवता येतं. पिवळा-केशरी फ्लुरोसीन रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात. दहाच्या आत फाटला तर कमी. शर्मर चाचणीत कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं ठेवतात. पट्टी पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणीच कमी आहे. पापणी दाबून तेल कसं येतं तेही पाहायला सांगा: निरोगी तेल पातळ आणि स्वच्छ असतं, बिघडलेलं गढूळ, दाट, किंवा येतच नाही.

सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले तर सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, हे आधीच धरून चला. पंधरा दिवसांत बंद करून उपयोग नाही. ग्रंथींसाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं तर गर्भधारणेची शक्यता असल्यास आधी सांगा. अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रात बूच बसवण्याचा उपाय पाणी कमी असणाऱ्यांसाठी चांगला आहे, पण पापणीची सूज आधी आटोक्यात हवी, नाहीतर सूज आणणारे घटक डोळ्यातच साचून राहतात.

तपासणीच्या दिवशी काजळ नको, आधीचे दोन तास थेंबही नकोत, नाहीतर चाचणीत थेंबच मोजले जातात. घरातल्या सगळ्या बाटल्या, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या, आणि त्रास कोणत्या वेळी होतो ते कागदावर लिहून न्या.